सुईबाई आणि दोन डोंगर

वेधशाळेतल्या त्या बाईला सगळे सुईबाई म्हणत. शिवणकामाशी तिचा काडीचाही संबंध नव्हता. तिची सुई वेगळी. वेधशाळेच्या मागच्या खोलीत एका लांबलचक टेबलावर चार ड्रम आडवे बसवलेले होते आणि ते चोवीस तास संथपणे फिरत असत. प्रत्येकावर पांढरा कागद गुंडाळलेला, आणि कागदावर एकेक बारीक सुई टेकलेली, टोकाला शाई. जवळच्या दोन डोंगरांच्या अंगावर ठिकठिकाणी यंत्रं पुरली होती. जमिनीचा थरथराट ती यंत्रं पकडत, तो इथवर पोचे, आणि सुई तो कागदावर काढी. जमीन गप्प असली की सरळ रेघ, हलली की करवतीच्या दात्यांसारखी. रोज सकाळी जुना कागद उतरवायचा, नवा चढवायचा, तारीख घालायची, शाई भरायची आणि उतरवलेला कागद साहेबांच्या टेबलावर पसरून ठेवायचा. हे काम तिने एकतीस वर्षं केलं.

बाजारात निघाली की भाजीवाल्यापासून न्हाव्यापर्यंत सगळे विचारायचे, "काय सुईबाई, आज काय म्हणते सुई?"

"सुई बोलत नाही, लिहिते," ती म्हणायची. "आणि तिचं अक्षर फक्त साहेबांना लागतं."

ते खरं नव्हतं. दहा-बारा वर्षांतच तिला ते अक्षर साहेबांइतकं लागायला लागलं होतं. खाणीतला सुरुंग कुठला, डोंगरावरून घरंगळलेला दगड कुठला आणि आतून आलेला धक्का कुठला, हे ती लांबूनच सांगायची. पण नियम होता की कागदावर काय दिसतं ते बाहेर बोलायचं नाही, जे सांगायचं ते साहेबच सांगतील. हा नियम तिने एकदाच मोडला.

तिचा जन्म थोरलीच्या अंगाखांद्यावरचा. त्या भागात दोन ज्वालामुखी होते आणि लोकांनी त्यांना बहिणी करून टाकलं होतं. थोरली रुंद, पसरट, पालथ्या घातलेल्या परातीसारखी. नवख्या माणसाला तो डोंगर आहे हे पटायचंच नाही, नुसता चढ वाटायचा. धाकटी उंच, सडपातळ, टोकदार, माथ्यापर्यंत झाडीने झाकलेली. कॅलेंडरवर फोटो यायचा तो धाकटीचा. थोरली दर दहा-बारा वर्षांनी तापायची. कुठेतरी जमीन उकलायची, लाल कारंजी उडायची आणि लाव्हा ओघळत खाली यायचा. धाकटी दोनशे वर्षं गाढ झोपलेली. थोरली तापट आणि धाकटी गुणाची, असं लोक म्हणत, आणि आपापल्या पोरींनाही त्यावरून टोमणे मारत.

ती सात वर्षांची असताना थोरलीचा लाव्हा त्यांच्या घरावर आला. आला म्हणजे धावत नाही आला. तीन दिवस येत होता. काळ्या ढेकळांची एक भिंत, माणसापेक्षा उंच, फटींतून आत लाल दिसणारी, आणि फुटक्या कपबश्या ओतल्यासारखा सतत खळखळाट. ती भिंत पाऊल पाऊल सरकत होती. वडिलांनी पहिल्या दिवशी सामान हलवलं, दुसऱ्या दिवशी छपराचे पत्रे उतरवले, तिसऱ्या दिवशी दारंखिडक्या बिजागऱ्यांसकट काढल्या. तिचा दादा तेव्हा बारा वर्षांचा. पुढचं दार पाठीवर घेऊन तो निघाला तेव्हा मागून नुसते त्याचे पाय दिसत होते. शेताच्या पलीकडे उभं राहून सगळ्यांनी घर पेटताना पाहिलं. आई रडत होती. वडील म्हणाले, "घर गेलं. पण चपला घालायला वेळ दिला तिने, तेवढं म्हणायला हवं."

दादा हसला. हसता हसता त्याने ते वाक्य असं काही मनात ठेवून दिलं की पुढे सगळं आयुष्य ते तिथून हललं नाही.

नंतर कुटुंब धाकटीच्या पायथ्याशी राहायला गेलं. तिथली माती भुसभुशीत, काळी, काठी रोवली तरी पालवी फुटेल अशी. ती माती धाकटीच्याच जुन्या राखेची आहे हे तेव्हा कुणाच्या डोक्यात आलं नाही. वडील गेले, आई गेली. दादा सुतार झाला आणि दारं बनवण्यात त्याचा हात धरणारं कुणी राहिलं नाही. त्याने स्वतःचं घर बांधलं तेव्हा पुढचं दार मात्र नवं केलं नाही, वडिलांनी वाचवलेलं तेच बसवलं. "हे दार एकदा आगीला दाखवून आणलेलं आहे," तो पाहुण्यांना सांगायचा. त्याचं लग्न झालं, मुलगी झाली. बहिणीचं लग्न कुठे जमलं नाही आणि मग ते राहूनच गेलं. तिने वेधशाळेजवळ खोली घेतली, पण सुट्टीच्या दिवशी जेवायला दादाकडे, हे ठरलेलं.

वेधशाळेत ती लागली ती झाडलोट करायला. साहेब तेव्हा तरुण होते, एकटेच असत, आणि त्यांना बोलायला कुणीतरी हवं असे. ती फरशी पुसायची, ते बोलायचे. एकदा तिने विचारलं, "साहेब, आग तीच, मग दोघींचे स्वभाव वेगळे का?"

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "तुम्ही कपड्यांना खळ करता ना? पातळ खळ उकळताना काय होतं?"

"बुडबुडे येतात, फुटतात."

"आणि घट्ट झाली तर?"

"मग फुटता फुटत नाहीत. फुगतात, आणि फुटले की हातावर उडतात. भाजतं."

"झालं. तुम्हाला निम्मं शास्त्र येतं," साहेब म्हणाले. "थोरलीच्या पोटातला रस पातळ आहे. त्यातला वायू सहज निसटतो, मागे उरतो तो नुसता वाहतो. वाहून वाहून, थरावर थर बसून ती अशी पसरली. धाकटीचा रस घट्ट. त्यातला वायू बाहेर पडायला तडफडतो, वाट मिळत नाही. रस वर येऊन तोंडातच थिजतो, बूच बसतं. आत दाब वाढत जातो. ते बूच उडालं की जे बाहेर येतं ते वाहत नाही. राख, दगड, तापलेला वायू, सगळा एकच लोट, आणि तो उतारावरून जमिनीला घासत खाली येतो. थोरलीपासून माणूस चालत लांब जाऊ शकतो. धाकटीपासून गाडीतूनही नाही."

"आणि आपण बसलोय ती टेकडी?"

"ही तिसरी जात. इथे एकदाच कारंजं उडालं असेल, दोन-चार महिने. उडालेले निखारे भोवती पडून हा ढीग झाला. आता हिच्यात काही नाही. म्हणून तर सरकारने आपल्याला इथे बसवलं."

तिने हे सगळं त्याच सुट्टीला जेवताना दादाला सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. "साहेबांनी धाकटीला कधी उडताना पाहिलंय?" त्याने विचारलं.

"दोनशे वर्षं झाली. कसं पाहतील?"

"मी थोरलीला पाहिलंय," तो म्हणाला आणि ताटाकडे वळला.

तिला साहेबांनी कागदांचं काम दिलं. वर्षं गेली. दादाची मुलगी लग्न होऊन समुद्राकाठच्या मोठ्या शहरात गेली. दादाचे केस पांढरे झाले, गुडघे बोलायला लागले, तरी त्याने रंधा सोडला नाही.

आणि मग एका हिवाळ्याच्या शेवटी, तिने उतरवलेल्या कागदावर धाकटीच्या रेघेला दाते होते. बारीक, पाच-सहाच. तिने कागद साहेबांपुढे ठेवला आणि तिथेच उभी राहिली. साहेबांनी भिंग घेतलं, पाहिलं, भिंग ठेवलं. आठवडाभरात दिवसाला चाळीस धक्के यायला लागले. माथ्याजवळची झाडं उभ्या उभ्या पिवळी पडली. वाफेची एक शेंडी उभी राहिली. उत्तरेकडचा खांदा फुगायला लागला, आणि दुर्बिणीतून मोजणी केली तर तो दिवसाला हातभर पुढे येत होता. माथ्यावरच्या खळग्यात काळसर, खडबडीत दगडाचा गोळा वर आला आणि तिथेच बसला. साहेब म्हणाले, "हेच ते बूच."

पायथ्याच्या गावांनी घरं सोडावीत असा हुकूम निघाला. पहिल्या दिवशी निम्मं गाव हललं. दादा हलला नाही. ती त्याला आणायला गेली तेव्हा तो ओसरीत बसून एका फळीवर खूण करत होता.

"दादा, ऊठ. वहिनींनी पिशव्या भरल्यात."

"भरल्यात तर भरू दे. मला या कपाटाचं दार द्यायचंय."

"ज्याला द्यायचं तो कालच निघून गेला."

"मग आल्यावर देईन." त्याने पेन्सिल कानावर ठेवली. "तू घाबरलीयस. तू लहान होतीस तेव्हाही घाबरायचीस. आठवतंय? तीन दिवस. आपण कोंबड्यासुद्धा मोजून नेल्या."

"ती थोरली होती, दादा. ही चालत येत नाही."

"डोंगर तो डोंगर."

"नाही," ती म्हणाली. तिचा आवाज चढला होता आणि तिचा तिलाच तो ओळखू आला नाही. "मी अठ्ठावीस वर्षं तेच बघतेय. नाही."

वहिनी दारात आल्या. कमी बोलणारी बाई. "वन्सं इतकं म्हणतायत तर जाऊ या," त्या म्हणाल्या. दादाने बहिणीकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं, उसासा टाकला आणि उठला. त्या दिवशी तिचा जीव भांड्यात पडला.

शहरातल्या शाळेच्या व्यायामशाळेत छावणी होती. लोखंडी खाटा, मध्ये दोरीवर टाकलेल्या चादरी, आणि सकाळी नळावर रांग. पहिला आठवडा सगळ्यांनी भेदरून काढला, दुसरा कंटाळून. तिसऱ्या आठवड्यात चेष्टा सुरू झाली. "धाकटीला लाजच फार," एकजण म्हणायचा, "साहेबांनी इतकं बोलावलं तरी येत नाही." दादा हसायचा, पण दिवसेंदिवस त्याचं हसू आटत चाललं होतं. हाताला काम नाही. छावणीतली सगळी मोडकी बाकं त्याने दुरुस्त केली, मग न मोडलेलीही. गावात चोऱ्या होतायत अशी अफवा आली. कुणाच्या खिडक्या काढून नेल्या म्हणे, कुणाची दारं. त्यानंतर त्याचा डोळ्याला डोळा लागेना.

सात आठवडे झाले. लोकांनी ओरडा केला, अर्ज केले, आणि शेवटी गावाच्या वाटेवरच्या नाक्यावर चिठ्ठ्या मिळायला लागल्या. दिवसाउजेडी चार तास आत जायचं, सामान काढायचं आणि परत यायचं. साहेबांचा विरोध होता. साहेबांना कुणी विचारलं नाही.

त्या सकाळी तिने नुकताच कागद बदलला होता. फोन वाजला.

"सुई काय म्हणते गं?" दादा होता.

"तू कुठून बोलतोयस?"

"नाक्यावरून. टेम्पो मिळालाय. दारं घेऊन येतो, आणि थोडं बारीकसारीक."

"दादा, नको जाऊस."

"ते तू सात आठवडे म्हणतेयस. मी सुईचं विचारतोय."

तिने ड्रमकडे पाहिलं. सात आठवडे जी रेघ थांबली नव्हती ती आदल्या दुपारपासून जवळजवळ सरळ झाली होती. तिला स्वतःलाच कितीतरी दिवसांनी मोकळा श्वास घेतल्यासारखं वाटत होतं. आणि फोनवर तिचा भाऊ होता, लोक नव्हते.

"शांत आहे," ती म्हणाली. "कालपासून."

"मग झालं तर."

"शांत आहे म्हणजे..." तिने सुरू केलं. मागून टेम्पोचा हॉर्न ऐकू आला. "संध्याकाळी छावणीवर ये," तो म्हणाला, "वहिनी वाट बघते तुझी." फोन ठेवला.

वीस मिनिटांनी साहेब आले. त्यांनी नेहमीसारखा कोट काढला नाही. उभ्यानेच कागद पाहिला, मग खिडकीतून धाकटीकडे. "वाफ कालपासून बंद आहे," ते म्हणाले. "हे मला आवडत नाही. वाट बुजली की आत काय चाललंय ते कळत नाही. बाई, नाक्यावर फोन लावा. चिठ्ठ्या थांबवा म्हणावं, आत गेलेल्यांना बाहेर काढा म्हणावं."

तिने फोन फिरवला. लागेना. पुन्हा फिरवला. अर्ध्या तासाने लागला. नाक्यावरचा माणूस म्हणाला, वरून लेखी हुकूम हवा. साहेबांनी फोन हिसकावून घेतला, आणि तिने त्यांना आयुष्यात पहिल्यांदा ओरडताना ऐकलं. मग कुठे गावातला भोंगा वाजला. दहा वाजून गेले होते.

आत गेलेली बहुतेक माणसं बाहेर पडली. दादाचा टेम्पो सगळ्यात शेवटी आला, दारं रचलेली, दोरीने आवळलेली. चालकाने नंतर सांगितलं ते असं: "मी म्हटलं चला. ते म्हणाले, पुढच्या दाराचे दोन स्क्रू गंजलेत, निघत नाहीयेत. तुम्ही व्हा पुढे, मी चालत येतो."

पावणेअकराला चारही सुया एकदम कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आपटायला लागल्या. शाई भिंतीवर उडाली. ती खिडकीकडे धावली. आधी काहीच आवाज नव्हता. धाकटीचा फुगलेला खांदा सुटून खाली सरकला, झोपेत कुणाची मान कलंडावी तसा, आणि त्या जागेतून करड्या रंगाचा लोट बाहेर पडला. तो वर गेला नाही. जमिनीला चिकटून, झाडी गिळत, दरीत उतरला. आवाज मागून आला. साहेब घड्याळाकडे पाहत उभे होते. गाव दिसेनासं झालं तेव्हा त्यांनी मनगट खाली केलं. अडीच मिनिटं.

ती मागे वळली तेव्हा तीन सुया पुन्हा सरळ रेघ काढत होत्या. तिकडची यंत्रंच उरली नव्हती.

मग भरदिवसा काळोख झाला आणि राख पडायला लागली. साहेबांनी दिवा लावला. "तुमचं कुणी आत होतं का?" त्यांनी विचारलं. तिने होकारार्थी मान हलवली.

राख निवायला दिवस लागले. दादा एकोणिसाव्या दिवशी सापडला. शेवटचं घर ओलांडून नाक्याच्या वाटेवर अर्धा-पाऊण किलोमीटर. तो निघाला होता, खरंच चालत निघाला होता. खिशातला मोजपट्टीचा पोलादी डबा आणि दोन बिजागऱ्या, एवढ्यावरून ओळख पटली.

अंत्यविधीला मुलगी आली. सगळं आटोपल्यावर तिघी छावणीतल्या खाटांवर बसल्या होत्या. वहिनी दादाच्या दोन शर्टांच्या घड्या घालत होत्या. मान वर न करता त्यांनी विचारलं, "जायच्या आधी त्यांनी तुम्हाला फोन केला होता ना, वन्सं?"

नाही म्हणता आलं असतं. कुणालाच कळलं नसतं. "केला होता," ती म्हणाली.

"मग?"

"सुई काय म्हणते असं विचारलं. मी म्हणाले, शांत आहे."

वहिनींनी घडी पुरी केली. शर्टाच्या कॉलरवरून हात फिरवला. "बरं," म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी त्या मुलीबरोबर निघून गेल्या, आणि त्यानंतर चार वर्षं त्या नणंदेशी एक शब्दही बोलल्या नाहीत. भाची अधूनमधून फोन करायची. पाठीमागे वहिनींचा वावर ऐकू यायचा, भांड्याचा आवाज, पावलं. फोनवर त्या यायच्या नाहीत.

सुईबाई कामावर जात राहिली. चौकशी झाली, समिती बसली, कागदांचे गठ्ठे नेले, आणले. तिच्या फोनबद्दल तिनेच साहेबांना सांगितलं. साहेब म्हणाले, "तुम्ही खोटं बोलला नाहीत, बाई. सुई शांतच होती."

"खोटं बोलले असते तर बरं झालं असतं," ती म्हणाली.

साहेब उठून खिडकीशी गेले.

काही महिन्यांनी तिने साहेबांकडे एक मागणी केली. धाकटीच्या दक्षिणेला अजून गावं होती, खांदा त्या बाजूला पडला नाही म्हणून वाचलेली. तिथल्या लोकांशी मला बोलू द्या, ती म्हणाली. ज्या बाईने वीस माणसांपुढे कधी तोंड उघडलं नव्हतं, ती सुट्टीच्या दिवशी बस धरून गावोगावी जायला लागली. शाळेच्या वर्गात, दुकानाच्या पायरीवर, जिथे जागा मिळेल तिथे. दोन पातेली आणि एक शेगडी बरोबर न्यायची. एकात पातळ खळ, एकात घट्ट. आधी लोक हसायचे. घट्ट खळीचा बुडबुडा फुटून शिंतोडा उडाला की पुढे बसलेले मागे सरकायचे. मग ती सांगायची की रेघ सरळ झाली म्हणजे डोंगर झोपला असं नाही, आणि हे आपल्याला कसं कळलं तेही सांगायची. भावाचं सांगताना ती कुणाकडे पाहायची नाही. आवाज मात्र हलू द्यायची नाही.

"स्वतःला इतकं कशाला सोलून घेता?" एका गावातल्या मास्तरीणबाईंनी विचारलं.

"नुसतं शास्त्र सांगितलं तर ऐकत नाहीत," ती म्हणाली. "माझ्या घरातच ऐकलं नव्हतं."

वेधशाळेत संगणक आले. ड्रम कोपऱ्यात गेले, मग गोदामात. ती निवृत्त झाली. त्याच सुमारास भाचीचा फोन आला. "आत्या, आईची डावी बाजू गेली. बोलते, पण तुटक. तीन दिवस एकच चाललंय, वन्संना बोलवा."

ती गेली. वहिनी खिडकीजवळच्या पलंगावर होत्या, अर्ध्या झालेल्या. चार वर्षांत काय काय बोलायचं याची तिने मनात शंभर वेळा जुळवाजुळव केली होती. त्यातलं काहीच आठवलं नाही. तिने बाह्या वर केल्या, गरम पाणी आणलं आणि वहिनींचं अंग पुसायला घेतलं. महिना असाच गेला. भरवायचं, कूस बदलायची, केस विंचरायचे. दोघींच्यात कामापुरतं बोलणं: "पाणी," "दुखतंय," "पुरे."

एका दुपारी भाची बाहेर गेली होती. वहिनी छताकडे पाहत म्हणाल्या, "त्या दिवशी... ते जाणार नव्हते."

पंचा धरलेला सुईबाईचा हात थांबला.

"दारं राहू दे, म्हणाले. नको जायला." वहिनींना एकेक शब्द ओढून आणावा लागत होता. "मी म्हणाले... माझ्या आईचा फोटो भिंतीवर राहिलाय. तेवढा आणा." त्यांनी डोळे मिटले. "मग त्यांनी चिठ्ठी काढली."

"वहिनी..."

"तुमच्यावर राग नव्हता, वन्सं. तुमच्याशी बोलले असते तर हे सांगावं लागलं असतं. तुम्ही लगेच सांगितलंत. मला जमलं नाही."

मग सुईबाईने ओला पंचा पुन्हा पाण्यात बुडवला, पिळला आणि वहिनींचा चेहरा पुसला, आणि मग त्याच पंच्याने स्वतःचा. टेम्पोतल्या दारांबरोबर कुठला फोटो होता का, हे दोघींपैकी कुणी विचारलं नाही. नव्हता, हे दोघींना ठाऊक होतं.

वहिनी त्यानंतर दीड वर्ष जगल्या. पुष्कळ बोलायच्या, तुटक का होईना. नणंद-भावजयींनी एकमेकींना माफ केलं असं म्हणता येणार नाही. दोघींचाही हट्ट होता की चूक आपली, आणि त्यावरून कधी कधी चक्क भांडण व्हायचं. एका सकाळी चहा घेताना वहिनींनी कप नीट खाली ठेवला आणि त्या गेल्या.

वहिनींचं कपाट आवरायला महिना गेला. भाची आणि आत्या जमिनीवर बसल्या होत्या, मध्ये कपड्यांचे दोन ढीग. त्यात दादाचं म्हणून ते दोन शर्ट निघाले, बाकी काही नाही. गावातल्या घराबरोबर सगळे फोटो गेले होते. भाचीच्या लग्नाचा अल्बम होता, त्यात तो एकदाच दिसत होता, मागच्या ओळीत, अर्धा चेहरा कुणाच्या तरी खांद्याआड.

"आत्या," भाचीने विचारलं, "बाबांच्या भुवईवर ती खूण होती ना, पटाशी उडून लागलेली. डावीकडे होती का?"

"उजवीकडे," ती म्हणाली.

"नाही गं, डावीकडे. मी त्यांच्या मांडीवर बसायचे तेव्हा बोट लावायचे."

"मी जखम धुतली होती त्याची. उजवीकडे."

भाचीने स्वतःच्या भुवईवर बोट ठेवलं, मग दुसऱ्या भुवईवर. आत्याने डोळे मिटून त्याला समोर उभा करून पाहिलं. तो आला, कानावर पेन्सिल, शर्टावर भुसा, अगदी स्पष्ट. पण खूण एकदा इकडे दिसे, एकदा तिकडे. तिने अल्बम पुन्हा उघडला, त्या अर्ध्या चेहऱ्यावर बराच वेळ वाकून पाहिलं, आणि मिटून भाचीच्या हातात दिला.

"तू म्हणतेस तसंच असेल," ती म्हणाली.